आप्पांचा अंगठा

हे खरं तर सांगायचं नाहीये. आईने डोळे वटारून बजावलंय, 'कुणाजवळ बोललीस तर बघ!' पण तुम्हाला सांगते, पोटात राहतच नाहीये हो... आणि सगळं कशामुळे? बुटांमुळे! बाबांच्या टेबलावर उजेड चांगला, म्हणून शाळेचे बूट घेऊन मी तिथे पॉलिश करत बसले. टेबलभर आप्पांचे, म्हणजे आजोबांचे, जुने कागद. आप्पा पुस्तकं बांधायचे, आणि पुठ्ठ्याच्या आत चिकटवायचे ते लाटालाटांचे रंगीत कागद स्वतः करायचे. मी एक कागद जरासा, अगदी जरासा बाजूला सरकवला. अंगठ्याने. पॉलिशच्या अंगठ्याने!

फडकं आणेपर्यंत बाबा हजर. बाबा मुखपृष्ठं करतात, सध्या जुन्या कारागिरांवरचं पुस्तक हातात आहे. त्यांनी कागद खिडकीशी नेला, आणि डोळ्यांत पाणीच! 'चिमणे, बघ, आप्पांचा अंगठा! जन्मभर लोकांची पुस्तकं शिवली, एकावर तरी नाव आलं? आता अंगठाच येईल!'

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. तुम्ही काय केलं असतं?

मग प्रकाशकबाई आल्या. चष्मा कपाळावर, नाक कागदावर. 'अहाहा! काय जुना वास आहे!' जुना कसला? पॉलिशचा! तोंड उघडलं, मिटलं. तोवर बाबांनी संगणकावर मांडलंसुद्धा... मागे आप्पांच्या फिक्या लाटा, त्यावर आजची सरळसोट, ठसठशीत अक्षरं, आणि मधोमध ताटाएवढा अंगठा! दिसत होतं सुंदर, खोटं कशाला बोलू? 'जुनं आणि नवं कसं गुण्यागोविंदाने नांदतंय!' बाई म्हणाल्या. आणि बाबा, 'ही तिरकी रेघ पाहिलीत? सुरी लागली असणार आप्पांना. केवढं सोसलं!'

मी मूठ मिटली. ती रेघ माझी हो! लहानपणी बाबांचं कटर उलटं धरलं होतं, त्याची. दवाखान्यात बाबांनीच तर नेलं होतं!

आईने एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा माझ्या अंगठ्याकडे. 'गप्प राहा. आप्पा गेल्यापासून हा माणूस असा हसला नव्हता.' राहिले गप्प. पण चैन पडेना, म्हणून हात धुऊन अख्खा गठ्ठा पाहिला. म्हटलं, आप्पांचा खरा ठसा सापडला तर गुपचूप बदलता येईल. सापडेल कसा? कागदांवर एक डाग नाही! इतक्या स्वच्छ हाताच्या माणसाच्या नावावर मी बुटाचं पॉलिश...

आणि आत्ता बाईंचा फोन! 'पुढे आजोबा, तर मागे नात! ताजा ठसा, नारिंगी रंगात! पुस्तक उलगडलं की शेजारी शेजारी!' बाबा शाई कालवतायत. मी म्हटलं, डावा देते ना... तोंड उघडलं एकदाचं, तर ऐकतंय कोण?

'चिमणे, ये गं लवकर! उजवाच हं, जोडी जुळायला हवी!'

आले, बाबा... तुम्हाला सांगते, जुळेल हो, अशी जुळेल की—