शनिवारची सोय

...नाही, पण मला एक सांगा, सूर्य मावळला याचा पुरावा कुठून आणायचा? मावळला म्हणजे मावळला! पण नाही, परीक्षा विभागाच्या मॅडम फोनवर म्हणतात, "तोंडी नाही चालणार," आणि इकडे मी खेळाच्या सामानाच्या खोलीत, फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या मधोमध सकाळपासून बसलेली, खोलीला खिडकी नाही, तेव्हा सूर्य मावळला की त्याची बदली झाली, मला काय कळणार! थांबा, असं मधूनच नको, पहिल्यापासून सांगते.

आमच्याकडे शनिवार पाळतात. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत काम नाही, लिहिणं नाही, गाडीत बसणं नाही. प्रार्थना करायची, घरच्यांबरोबर बसायचं, बस्स. हसाल तुम्ही, सगळेच हसतात, "मज्जा आहे बुवा तुमची!" मज्जा? माझे बाबा इस्पितळात लिफ्ट चालवतात. हा एक दिवस सुटावा म्हणून सगळ्यांचे सण, सगळ्यांचे रविवार, कोणाच्या मेहुण्याचं लग्न असलं तर त्याचीसुद्धा ड्युटी हेच करतात! मला आठवतंय तेव्हापासून त्यांनी एक शनिवार सोडलेला नाही. आणि माझ्या शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर लागला... बरोबर, शनिवारी. विषय कुठला? मानवी हक्क! खोटं नाही सांगत, वेळापत्रक बघून आई आधी हसली आणि मग स्वयंपाकघरात नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली.

गेले प्राचार्यांकडे. म्हटलं, सर, पेपर बुडवत नाही, फक्त सूर्य मावळल्यावर घ्या. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाळ, आम्हाला तुझ्या भावनांचा पूर्ण आदर आहे." मी खूश! वाटलं, झालं काम. अहो, आदर ही 'नाही' म्हणायची सुरुवात असते हे मला तेव्हा कुठे माहीत! "पण आज तू शनिवार मागतेस, उद्या कोणी मंगळवार मागेल. तुमच्या धर्मगुरूंचं पत्र आण." आता आम्ही इथे सात-आठ घरं, धर्मगुरू कुठले? "मग वयानं मोठं कोण?" म्हटलं, माझे आजोबा. "छे छे, नातेवाईक नाही चालत!" अहो, सात-आठ घरांत नातेवाईक नसलेला माणूस आणायचा कुठून? जीभ वळवळत होती, सर, रविवारी कॉलेज बंद असतं त्याचं पत्र कोणी आणलं होतं? नाही विचारलं. वर्ष शेवटचं होतं ना.

मग समिती बसली. समितीलासुद्धा माझ्या भावनांचा पूर्ण आदर! निर्णय काय, तर पेपर सूर्यास्तानंतर घेऊ, पण सकाळी पेपर दिलेल्यांनी तुला प्रश्न सांगू नयेत म्हणून सकाळपासून तू इथेच, देखरेखीखाली, कोणाला भेटायचं नाही. कळलं का? मला माझा शनिवार मिळाला. फक्त कुलपात मिळाला.

त्या दिवशी चालत गेले, दारातच प्रार्थनेचं पुस्तक काढून घेतलं. "छापील काही चालत नाही. आदर आहे, पण कॉपी ती कॉपी." राखणीला कोण? मानवी हक्क शिकवणारे सर! तेही चिडलेले. "तुझ्या धर्मापायी माझा शनिवार गेला." मी म्हटलं, सर, माझाही गेलाय. तर म्हणतात, "तू तर पाळतेयस ना!"

दुपारी सरांचा डोळा लागला. मी नुसती बसून. आई-बाबा, आजोबा आत्ता प्रार्थनेला बसले असतील, माझी जागा रिकामी असेल, असं मनात येत होतं हो... तेवढ्यात भिंतीपलीकडून गुणगुणणं ऐकू आलं. बारीक, जरासं बेसूर. मी ओळखलं. माझे ओठ आपोआप हलायला लागले आणि सर ताडकन उठले. "ओठ का हलतायत? बाहेरून कोण उत्तरं सांगतंय?" वॉचमनला पिटाळलं. तो जाऊन आला. "एक पांढऱ्या केसांचा माणूस आहे, भिंतीला टेकून गातोय. उत्तरं नाहीत सर, मी नीट ऐकलं, काहीच कळत नाही." सर म्हणाले, "मग असू दे." आयुष्यातला पहिला खरा आदर मला तिथे मिळाला, तोसुद्धा काही न कळल्यामुळे!

बाबा घरून चालत आलेले. फाटकातून आत सोडेनात, म्हणून कुंपणाच्या बाहेरून वळसा घालून त्या खोलीमागे येऊन बसलेले.

मग तो सूर्यास्त. मॅडमना पुरावा हवा, सर म्हणतात अंधार पडला, मॅडम म्हणतात ढग असतील! शेवटी वॉचमननं कागदावर लिहून दिलं, 'सूर्य माझ्यासमक्ष मावळला', खाली सही. तेव्हा कुठे पेपर हातात आला. दुसराच प्रश्न, 'विद्यार्थ्यांच्या धार्मिक हक्कांविषयी टीप लिहा.' मी पुस्तकातलं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर गुण गेले असते.

पास झाले! चांगले गुण मिळाले! पुढच्या शिक्षणासाठी तिथेच प्रवेश घेतला, दुसरं कॉलेज आहे कुठे? आणि परवा वेळापत्रक लागलं. चारही पेपर शनिवारी. चारही! धापा टाकत मॅडमकडे गेले, तर मॅडम इतक्या गोड हसल्या... "अगं, बाकीच्या दिवशी हॉल मिळत नाही. आधी तुझा विचार करावा लागला असता, पण आता तुझी सोय आहेच ना! आम्हाला तुझ्या भावनांचा पूर्ण आदर आहे."

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं चिडतील, निदान या वेळी तरी चिडतील. तर ते म्हणाले, "खोली तीच देणार आहेत का, तेवढं विचारून घे. त्या भिंतीला दुपारी सावली असते."