चाचणीची कॅसेट

नाही नाही, हरवली नाही हो ताई, तुमची कॅसेट ही काय, माझ्या हाताखालीच आहे — बसा आधी, त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते. सांगतो. ही डबी बघा, काडेपेटीएवढी — व्हीसीआरमधलं चित्र हिच्यातून कॉम्प्युटरमध्ये जातं. नऊ वर्षं बिनबोभाट चालली. परवा कॉम्प्युटरनं आपलं आपण अपडेट घेतलं — मला विचारलं? छे! — आणि हिला ओळखच दाखवेना. या दोघांत दुभाष्याचं काम करतो तो ड्रायव्हर. जुना चालेना, नवा हिच्यासाठी कुणी बनवत नाही. मग शोधशोधून एकेक टाकत बसलो — एकानं चित्र आलं, आवाज गुल. दुसऱ्यानं चित्र हिरवंगार, आवाजाची नुसती खरखर. तुम्ही तर बजावून गेला होतात, चित्र नसलं तरी चालेल, बाबांचा आवाज तेवढा काढून द्या. म्हणूनच हट्टाला पेटलो ना!

आता दर ड्रायव्हरला कॅसेट लावून बघावीच लागते. चौदा वेळा लावली. अं? तुमचीच. — हो, बरोबर आहे, गिऱ्हाइकाची लावायची नसते. जुनी फीत, प्रत्येक फेरीला झिजते. मीच सगळ्यांना सांगत आलोय, चाचणीला आपली घरची लावा म्हणून. पंधराव्या वेळी जुळलं बघा, चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, बाबांनी तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं — आणि व्हीसीआरनं फीत खाल्ली. तिथंच. तुमच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं उतरलंय. पुढची फीत चुरगळली, फाटली. खूप खटपट केली हो.

माझी का नाही लावली? होती की, या ड्रॉवरमध्येच होती. साधीच आहे — आमच्या हिची. ओट्याशी उभी राहून माझ्यावर ओरडतेय, 'बंद करा तो कॅमेरा!' — दीड मिनिट, बस. ती गेल्यापासून तेवढंच उरलंय. झिजली असती ना ती. म्हणून तुमची... चुकून नाही झालं ताई, कळत होतं मला. पंधराही वेळा कळत होतं. लाज वाटते.

काय म्हणालात? आता सगळं जुळलंय, तर तिची तरी उतरवून घ्या?

...नऊ वर्षं डबी धड होती, तेव्हा उद्या उद्या करत राहिलो. आणि आता या व्हीसीआरमध्ये — नाही. नाही घालणार मी.

घ्या, हा पेन ड्राइव्ह, ही कॅसेट. या आता तुम्ही. दार ओढून घ्या जाताना.