पिंपांना सांगायचं असतं

केन: डाव्या हातानं धर, रूथी. पुस्तक धरतात तसं नको. कोकरू धरतात तसं, पोटाखालून.

रूथ: बाबा, शेवटचं कोकरू मी शाळेत असताना धरलं असेल.

केन: खरंय. लीड्सच्या वाचनालयात कोकरं कुठून येणार. हं, आता ती पाचर आत सरकव. अजून जरा. बस्स. बसलं बघ पिंप घोडीवर.

रूथ: आता काय करायचं?

केन: आता काही नाही. आता त्याला एकटं सोडायचं. मेंढ्यांच्या जत्रेच्या दोन दिवस आधी वरून खुंटी मारायची, श्वास घेऊ द्यायचा, मग तोटी. ही जुनी, जड बिअर आहे. तुझ्या आजोबांच्या वयाची माणसं हिच्यासाठी डोंगर उतरून यायची. घाई केली की गढूळ राहते, आणि गढूळ बिअर दिली की थॉर्नबेकमधली माणसं वर्षभर तोंड वाकडं करून बसतात.

रूथ: ती तशीही वाकडंच करून बसतात.

केन: ते आपलं प्रेम आहे गं त्यांचं. ए, ठोकू नकोस. ठेव तो हातोडा.

रूथ: सहज ठोकलं. आवाज छान येतो.

केन: सहज नाही ठोकायचं. पिंपांना वाटेल मी गेलो.

रूथ: तूसुद्धा मानतोस ते?

केन: मी मानत नाही. पण त्यांना उगाच घोर कशाला लावा? या तळघरात मालक गेला की घरातल्या माणसानं खाली यायचं, पिंपावर तीनदा ठोकायचं, गेलेल्याचं नाव सांगायचं आणि येणाऱ्याचं सांगायचं. मॅथ्यू रॉपासून चाललंय. सांगितलं नाही तर बिअर आंबते.

रूथ: रॉ म्हणजे तो लंगडा?

केन: तोच. स्कॉटलंडकडून गुरं हाकत आला, इथल्या ओढ्यात पाय मोडला. गुरं पुढं गेली, हा मागं राहिला. बसून बसून करणार काय, ओट्यावर बिअर विकायला लागला. आपला 'टप', म्हणजे मेंढा, हा पब तिथून सुरू झाला. पाटीवरचा मेंढा नंतरचा. त्याच्या बायकोनं काढलाय, म्हणून डुकरासारखा दिसतो.

रूथ: आणि जोनस पीकॉक? त्याचं सांग ना.

केन: शंभरदा ऐकलंयस.

रूथ: ते आपल्या बारवरच्या डोरीनकडून. ती मध्येच हसते, मग शेवट राहतो.

केन: जोनस इथला मालक. एकदा बर्फात हरवला. दोन रात्री पत्ता नाही. बायको रडली-भेकली, खाली आली, ठोकलं आणि दिराचं नाव सांगून मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी गाडीतून जोनस हजर. वरच्या वाडीत एका म्हातारीच्या चुलीजवळ घोरत पडला होता. पण आता काय करता? पिंपांना एकदा सांगितलं की सांगितलं. दोनदा सांगता येत नाही. मग भाऊ मालक, आणि जोनस आपल्याच घरात गिऱ्हाईक म्हणून कोपऱ्यात बसायचा. पैसे देऊन प्यायचा.

रूथ: बायको कोणाची राहिली?

केन: ते पिंपांना कुणी सांगितलं नाही.

रूथ: बाबा, आणि तुझं नाव कुणी सांगितलं?

केन: माझं? मीच. तुला माहीत नाही? इथं आधी जेम्स कोट्स होता. कट्टर मेथडिस्ट. रविवारी चॅपेलात उभा राहून दारूला शिव्या द्यायचा आणि सोमवारी सकाळी दार उघडायचा. आयुष्यात थेंब घेतला नाही. त्याच्यामागं त्याची मुलगी, आयडा. लग्न केलं नाही तिनं. मी तिच्याकडं पिंपं उचलायला होतो. ती गेली तेव्हा घरात दुसरं कुणीच नव्हतं. म्हणून मी खाली आलो, ठोकलं, म्हटलं, आयडा कोट्स गेल्या. पुढचं नाव घ्यायची वेळ आली आणि तोंडातून माझंच निघालं.

रूथ: कुणाला न विचारता?

केन: विचारायला होतं कोण? घर ब्रुअरीचं, बिअर बनवणाऱ्या कंपनीचं, आपण नुसतं करारावर चालवायचं; त्या वेळी ब्रुअरीचा म्हातारा स्वतः यायचा गावोगाव. त्याला सांगितलं, असं असं झालंय. तो म्हणाला, झालं ना, मग मी कागद करतो. तेव्हा असं चालायचं.

रूथ: आता शुक्रवारी कोण येणार आहे?

केन: ब्रुअरीचा एक पोरगा. बूट चकचकीत, तळघरात यायचंय म्हटलं तर खाली बघतो. त्याच्या कागदावर सही केली की सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला, हे घर परत त्यांच्या ताब्यात. मग ते विकतील. सुट्टीवाल्या लोकांना राहायला चार खोल्या काढतील. इथं बहुतेक न्हाणीघर होईल.

रूथ: सही केली नाहीस तर?

केन: तर अजून पाच वर्षं मीच. या गुडघ्यांवर.

रूथ: करारात दुसरं नाव घालता येतं का?

केन: मी जिवंत आहे तोवर येतं. कोणाचं घालू, डोरीनचं? ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, सांगू नकोस तिला मी म्हटलं म्हणून.

रूथ: नाही, सहज विचारलं.

केन: लग्नानंतर तुझ्या आईला मी स्कारबरोला नेणार होतो. समुद्र बघायला. दोन तासांचा रस्ता. एक शनिवार-रविवार दार लावायचं, एवढंच. या शनिवारी लग्नाची पंगत, त्या शनिवारी कुणाचं मयत, पुढच्या शनिवारी जत्रा. तिनं वरच्या खोलीत प्राण सोडला तेव्हा खाली डार्ट्सची मॅच चालू होती. टाळ्या ऐकू येत होत्या. हे घर माणूस खातं, रूथी. तू सुटलीस. मला रात्री झोप लागते ती तेवढ्यावरच.

रूथ: बाबा, मला एक बोलायचं होतं.

केन: बोल की.

डोरीन: केन, वर ये. चॅपेलच्या बायका आल्यात कपबशा उसन्या मागायला, आणि त्यातली एक खुर्चीवर बसायचं नाही म्हणतेय, पापी खुर्ची आहे म्हणून.

केन: तिला म्हणावं उभी राहा, उभं राहायला पाप लागत नाही. हं, बोल तू. ओरडू दे तिला.

रूथ: नको. असं पायऱ्यांवर नको. शुक्रवारी सकाळी लवकर येते, तो माणूस यायच्या आधी. नीट बसून बोलू.

केन: ये. बेकन भाजतो. काठ करपवून, तुला आवडतं तसं.

(पुढच्या आठवड्यात. तेच तळघर. रूथ खाली उभी आहे. डोरीन जिन्याच्या वरच्या पायरीवर.)

डोरीन: सापडला का दिवा?

रूथ: सापडला. ये ना खाली.

डोरीन: नाही गं बाई. गुरुवारी सकाळी मी त्याला याच पायऱ्यांखाली बघितलं. पाठ भिंतीला टेकलेली, टोपी मांडीवर. मला वाटलं, बसलाय आपला दम खात. मी म्हटलं, केन, चहा गार होतोय. दोनदा म्हटलं. मी येते एवढ्या पायरीपर्यंत, खाली नाही.

रूथ: बरं. तिथंच बस.

डोरीन: परवा माणसं येणार दफनानंतर. सगळं खोरं येणार. ते पिंप आज उघडलं नाही तर परवा निवळणार नाही. जत्रेसाठी लावलं होतं त्यानं. आता त्याच्यासाठीच.

रूथ: माहीत आहे. खुंटी कुठं मारायची तेही दाखवलंय त्यानं.

डोरीन: खुंटीच्या आधी दुसरं काहीतरी असतं.

रूथ: डोरीन, मी ते करणार नाही.

डोरीन: नको करूस. शिकलेली आहेस. पण मग आंबट बिअर मी नाही वाढणार. केनच्या मयताला आंबट बिअर. लोक काय, केनसुद्धा उठून बसेल.

रूथ: तू कर. तुला शब्द येतात.

डोरीन: मी घरातली नाही.

रूथ: इतकी वर्षं बारमागं उभी राहिलीस, तू घरातली नाहीस?

डोरीन: मी पगारावरची. रात्री माझ्या घरी जायची. घरातली म्हणजे जिचे दुधाचे दात या दारात पडलेत ती.

रूथ: तो ब्रुअरीवाला भेटला मला शुक्रवारी.

डोरीन: चकचकीत बूटवाला?

रूथ: हं. मी त्याला म्हटलं, मला घ्यायचंय. नोकरी सोडते, उद्यापासून येते. फार सभ्यपणे बोलला. म्हणाला, करार तुमच्या वडिलांच्या नावावर होता. ते असताना दुसरं नाव घातलं असतं तर ठीक होतं. आता नाव गेलं की करारही गेला. गिऱ्हाईक ठरलंय म्हणे, वर कुणीतरी शब्द दिलाय. त्याच्या वरच्या साहेबांना मी पत्र लिहिलं, फोन केला. सगळे सभ्यच आहेत.

डोरीन: तू घेणार होतीस?

रूथ: बुधवारी तेच सांगणार होते. तू हाक मारलीस.

डोरीन: मी?

रूथ: तुझा दोष नाही. तो म्हणालाच होता, बोल, ओरडू दे तिला. मीच म्हटलं, शुक्रवारी. मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट, तिला नीट खुर्ची-टेबल पाहिजे.

डोरीन: अगं पोरी.

रूथ: दर बुधवारी गाडीत पाठ करत यायची मी. पुलापर्यंत सगळं वाक्य नीट यायचं. मग तो दारात दिसायचा, म्हणायचा, आलीस का, सुटीच्या दिवशी झोपायचं सोडून. आणि मला वाटायचं, याला मी इथं नकोच आहे.

डोरीन: नको? बुधवारी तो दाढी करायचा गं. रविवारी चॅपेलला करायचा नाही, बुधवारी करायचा.

रूथ: मग विचारलं का नाही कधी?

डोरीन: मी म्हटलं होतं त्याला. मागच्या नाताळला. म्हटलं, केन, पोरीला विचार, घेतेस का. मोरीत ग्लास धूत होता. म्हणाला, विचारलं तर ती हो म्हणेल, म्हणून विचारत नाही.

रूथ: असं म्हणाला?

डोरीन: तिच्या आईनंही हो म्हटलं होतं, म्हणाला. आणि मग तो ग्लास पुसत बसला, पुसलेलाच.

रूथ: पण मी त्याच्यासाठी हो म्हटलं नसतं, डोरीन. माझ्यासाठी म्हटलं असतं.

डोरीन: त्याला तो फरक कळला नसता. तोंडानं सांगितल्याशिवाय कुणाला कळतो?

रूथ: हो.

डोरीन: रडतेस का?

रूथ: नाही. इथं थंड आहे.

डोरीन: वरून कोट टाकू?

रूथ: नको. डोरीन, ते शब्द काय असतात नेमके?

डोरीन: साधेच आहेत. तीनदा ठोकायचं. अमका गेला. त्याच्या जागी तमका आला. बस्स. पण हळू ठोक, गाळ हलेल. पूर्वी लाकडाची पिंपं होती, त्यांना बरं ऐकू जायचं. ही पत्र्याची म्हणजे बहिऱ्याला सांगितल्यासारखं, असं केन म्हणायचा.

रूथ: आणि तमका कोण? कंपनीचं नाव घेऊ? का चार खोल्यांचं?

डोरीन: ते मला ठाऊक नाही बाई. बिननावाचं कधी कुणी सांगितलेलं नाही. मॅथ्यू रॉपासून नाही.

रूथ: मायकेलमसला कुलूप लागणार. मधे उरले किती दिवस?

डोरीन: थोडे. एवढं एक पिंप संपेल, इतके.

रूथ: खोटं सांगितलं तर?

डोरीन: पिंपांना एकदा सांगितलं की सांगितलं. जोनस पीकॉकला विचार. मग कंपनीला वर काय हवं ते बांधू दे.

रूथ: बाबानं स्वतःचं सांगितलं तेव्हा कागद मागून आला.

डोरीन: तुझा नाही येणार.

रूथ: नाही येणार. माहीत आहे मला.

डोरीन: मी जाऊ का वर? एकटीनं सांगायचं असेल तर.

रूथ: थांब. कुणीतरी ऐकायला पाहिजे.

डोरीन: ऐकतेय. एक. दोन. हळू, हळू. तीन.

रूथ: केनेथ ऑल्डरसन गेला.

डोरीन: हं.

रूथ: त्याच्या जागी रूथ आली. तिला यायचंच होतं.