बांधावरचे चार दिवस

माझं माहेर मनमाडचं, बाप रेल्वेत गँगमन, त्यामुळं लग्न होऊन या पेठ रोडच्या मळ्यात आले ती नाक वर करूनच आले, जणू काय आगगाडी मीच चालवत होते. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या शेवंती खुड, तर मी पाटीभर कळ्याच खुडल्या, अन् वर त्यांनाच ऐकवलं की आमच्याकडं अशीच खुडतात. आमच्याकडं म्हणजे कुठं, फलाटावर? अशी मी अक्कलवान. काय सांगू तुम्हाला, ती पोर आता भेटली तर दोन थोबाडीत देईन.

तर या मळ्याचा एक नियम होता. बाईला पाळी आली की चार दिवस फुलांच्या वाफ्यात पाय ठेवायचा नाय. फुलं देवाला जाणार, विटाळ चालत नाय, शेवंती करपते म्हणत. बांधावर बसून गवत कापायचं, अन् बांध रस्त्याला लागून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना कळायचं आज कुणाची अडचण हाय ते. मी बसले. मग सुनंदा सून म्हणून आली, तिलाही मी बसवलं, एक नाय दोन नाय, बावीस वर्षं बसवलं. अन् हे करताना मला एक गोष्ट ठाऊक होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. ती पुढं येतेच, जरा दमानं घ्या.

सुनंदाची पोर गौरी. तिला पोलीस भरतीचं वेड, रोज सकाळी कालव्याच्या कडेनं पळते. मागल्या भरतीला ऐन ग्राउंडच्या, म्हणजे पळायच्या चाचणीच्या, दिवशी पाळी आली, पॅड लावून पळाली बिचारी, आठशे मीटर, मांड्या सोलपटल्या, शेवटच्या वळणावर ते सरकलं, अन् पोरीचा हात आपोआप मागं गेला, कपडे बघायला. तेवढ्यानंच गेलं, थोडक्यात गेलं. घरी आली ती चार दिवस भिंतीकडं तोंड करून झोपली.

यंदा ग्राउंड गुरुवारी, अन् तारीख पुन्हा त्याच आठवड्यात. सुनंदा म्हणाली गोळी घे, पुढं ढकल, तर गोळीनं पोरीला गरगरतं, सरावात पडली होती एकदा. मग मैत्रिणीचं ऐकून तिनं तो पाळीत वापरायचा कप मागवला. मी बघितला, मऊ, रबरासारखा, मला वाटलं बाळाच्या बाटलीचं बूच. हे आत बसवायचं म्हणाली, अन् मग पळायचं. सुनंदानं ऐकलं मात्र, डबी हिसकावली, कपाटात टाकून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. लग्नाच्या पोरीनं आत काही घालायचं नसतं, उद्या सासरी काय सांगायचं, अन् अडकला म्हणजे कुणाकडं न्यायचं. गौरीनं दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला, स्पीकरवर दिला. त्या म्हणाल्या लग्न झालेलं असो नसो, वापरता येतो, आत हरवायला जागाच नाय, उकळून घ्या, हात धुवा, बारा तासांच्या आत काढा, काढताना कपाची दांडी ओढू नका, त्याचं बूड दाबा, अन् पहिल्यांदा घरी वापरून बघा, थेट ग्राउंडवर नको. सुनंदानं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, त्यांची पोर नाय ना ही.

मंगळवारी सकाळी गौरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, आली. मधे एकच दिवस. सुनंदा कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाय. मम्मी, किल्ली दे. नाय. मम्मी, नर्सबाई म्हणाल्यात आधी घरी वापरून बघ, आजच बघावं लागेल. नाय म्हटलं ना. पोर रडली नाय की ओरडली नाय. तिनं आपले पळायचे बूट घेतले, दोन्हीच्या लेस एकात एक गाठल्या अन् खुंटीला टांगले, उंच. म्हणाली, मग मी जातच नाय गुरुवारी.

मग मी बोलले. म्हटलं सुनंदा, हात धू, अन् बस. आजवर लपवलेलं सांगते, ऐक.

या मळ्यात नवी आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची, आम्ही पाळीला लुगड्याच्या घड्या वापरायचो, अन् त्या वाळवायच्या कुठं हा मोठा प्रश्न, कारण पुरुषाच्या नजरेला पडायला नको. मनमाडवाल्या शहाणीनं जागा शोधली ती कुठली, तर खोपीत फुलांच्या पाट्यांवर ओलं गोणपाट टाकायचे, त्याच्या खाली. तिथं काय वाळणार, पण लपलं ना, बस्स. एका सकाळी बघते तर सासऱ्यांनी घाईत गोणपाटासोबत माझं फडकंही उचललं अन् देवाच्या शेवंतीवर झाकून पाटी गाडीत ठेवली. मी बांधावर बसलेली, चौथा दिवस, ते फडकं माझं म्हणून सांगणार तरी कसं. गाडी फूलबाजाराला गेली. मी दिवसभर थांबले, आता मळा करपणार, आता सासऱ्यांचे डोळे जाणार. संध्याकाळी सासरे आले धडधाकट, फडकं घडी घालून सासूबाईंच्या हातात दिलं, म्हणाले लय मऊ हाय, फुलं ताजी राहिली, हे फुलांनाच ठेवा. दोन वर्षं, सुनंदा, दोन वर्षं माझी घडी देवाच्या फुलांवर होती. शेवंती करपली नाय.

गौरीला हसू आलं होतं, ते तिनं दाबलं. सुनंदा हसली नाय. ती हळू म्हणाली,

— मग मला बावीस वर्षं बांधावर का बसवलंत?

नियम सासूबाईंचा होता, मी नुसता चालवला, असं म्हणणार होते, पण तिच्या तोंडाकडं बघून ते गिळलं. तिनं कमरेची किल्ली काढली, माझ्यापुढं जमिनीवर ठेवली अन् मळ्यात निघून गेली.

माझ्या चहाच्या पातेल्यात उकळला तो कप. दुसरं भांडं द्यायला मालकीण घरात नव्हती.

संध्याकाळी खरी परीक्षा. गौरी न्हाणीत गेली ती येईचना. मग आतून बारीक आवाज, आजी, निघत नाय गं. सुनंदा कुठून धावत आली कोण जाणे, दाराला हात लावून उभी, ओठ कोरडे, गाडी काढायला सांगू का, सांगू का, एवढंच. मलाही घाम फुटला, कारण किल्ली माझ्या जिवावर सुटली होती. म्हटलं पोरी, कुठं बसलीस? म्हणाली, कमोडवर. म्हटलं उतर खाली. निंदायला कशी बसतेस, तशी उकिडवी बस. श्वास सोड. आता खाली जोर दे, अन् दांडी सोड, बूड दाब. तुझ्या आईला तू होताना मी हेच सांगत होते. सुनंदानं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतली ती अजून दिसतात. मग नळ वाहिला. दार उघडलं, पोर घामानं चिंब, अन् हसतीये. सुनंदा तिथंच ओल्यात खाली बसली.

गुरुवारी तीच गेली पोरीसोबत. मी घरी, फोन मांडीवर, देवापुढं बसायचीही हिंमत नाय. दुपारी सुनंदाचा फोन आला, नुसतं म्हणाली,

— हात मागं नाय गेला तिचा.

ठरल्या वेळेत पळाली पोर. लेखी बाकी हाय, ते तिचं ती बघेल.

सुनंदा मात्र त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी समजून होते. परवा तिची अडचण होती, मला ठाऊक, इतकी वर्षं मीच तर दिवस मोजत आले. सकाळी मी वाफ्यात खुडत होते, तर ही पाटी घेऊन आली, बांधावर थांबली नाय, सरळ आत. माझ्याजवळ येऊन म्हणाली, सरका, ही ओळ माझी. मी सरकले. दुसरं काय करणार, तिच्या हाताचा वेग माझ्या दुप्पट.

देव तिचं भलं करो, माझं काय ते तो बघून घेईल. अन् तुम्ही जाताना दोन ओंजळी शेवंती घेऊन जा. देवाला वाहा. कुणी खुडली ते मात्र विचारू नका.