बाबांच्या फोटोवरचा उजेड

नर्सने डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं, म्हणून घड्याळजी भिंतीला टेकून बसले होते. शेजारी एक बहीण-भाऊ येऊन बसले. दोघंही पन्नाशीपलीकडचे असावेत, असं आवाजावरून वाटलं.

"ताई, बाबांना तुझं लग्न पसंत नाही."

"बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली."

"मग फोटोत बघ ना, कसे डोळे वटारलेत."

"हॉलमध्ये दिवा एकच, आणि तो तू फोटोखाली ठेवतोस. खालून उजेड आला की कुणीही खवीसच दिसणार."

"मी वाचायला ठेवतो तो."

"तू कधीपासून वाचायला लागलास? म्हणून आज कामावर निघताना मी दिवा कपाटावर ठेवला. बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"हसले."

"बघ."

नर्सने घड्याळजींना हाक मारली. त्यांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

"पण आई रडायला लागली, ताई. म्हणाली, अख्ख्या संसारात माझ्याकडे बघून एकदाही असे हसले नाहीत."

"अगं बाई. मग दिवा काढलास?"

"काढू देईल तर ना. दिवा हातात घेऊन स्टुलावर उभी आहे. अजून वर धरला की जास्त हसतात म्हणे."

"आणि माझ्या लग्नाचं?"

"विचारलं मी. म्हणाली, हसतायत तोवर उरकून घ्या, माझा हात भरून आलाय."