सलीमभाई मशीनच्या पोटात

खरं सांगते, परवा मी वाचनालयात बसून लोखंड कापायचं मिलिंग मशीन दुरुस्त केलं!

मी ग्रंथपाल आहे त्या भोसरीच्या वाचनालयामागे सलीमभाईंचं वर्कशॉप आहे. सकाळीच ते ग्रीसनं माखलेले हात घेऊन दारात उभे. "मॅडम, जुनं परदेशी मशीन खोललं, आता गिअरबॉक्स जुळत नाही. बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. एखादं पुस्तक आहे का? नाहीतर भंगारात जाईल."

पुस्तक नव्हतं. पण नेटवर शोधलं, तर परदेशातल्या एका संग्रहालयानं अगदी तेच मशीन आभासी रूपात सगळ्यांसाठी फुकट ठेवलेलं! व्हीआरचा चष्मा घालायचा आणि थेट मशीनच्या पोटात शिरायचं. वाचनालयात नवा आलेला चष्मा मी सलीमभाईंना चढवला.

"या अल्ला! मी आत उभा आहे, मॅडम! थांबा, हा लिव्हर जाम झालाय."

"सोडा, सोडा! ती कपाटाची कडी आहे!"

मग एकदम खाली वाकले. मला वाटलं, चक्कर आली की काय. तेवढ्यात ओरडले, "मधला गिअर मी उलटा बसवलाय!" चष्मा माझ्या हातात कोंबून पळालेच.

तासाभरानं फोन. "मॅडम, ऐका!" मागून मशीनची घरघर येत होती. मी खुर्चीतून उडालेच, "चालू झालं!"

सगळे वाचक माझ्याकडे बघायला लागले. कुणी पान जोरात उलटलं तरी कपाळाला आठ्या घालणारे जोशीकाका उठून आले. म्हणाले, "मॅडम, स्पीकरवर टाका की. आम्हालाही ऐकू दे."