मनोरा कोणीकडे पडेल

(भूकंपानंतरची सकाळ. इटलीतल्या आपेनिन डोंगरातलं एक गाव. चर्चसमोरचा चौक.)

फुल्विया : नाही म्हणजे नाही, डॉन एर्मेते! आत पाऊल टाकायचं नाही. अजून हादरे बसताहेत.

डॉन एर्मेते : अगं, तुझा बाप्तिस्मा केलाय मी इथं. अग्निशामक दलाची अधिकारी झालीस म्हणून मला माझ्याच चर्चबाहेर उभं करतेस?

फुल्विया : हो, करते. तो मनोरा बघा. बेकरीच्या बाजूला कललाय.

इल्दे : आणि त्या ढासळलेल्या बेकरीखाली माझा नवरा आहे! नात्सारेनो अजून बोलतोय, फादर. पाणी मागतोय हो!

डॉन एर्मेते : मग काढा ना त्याला! थांबलात कशाला?

फुल्विया : माणसं खाली उतरवली आणि मनोरा कोसळला, तर सगळेच संपतील. आधी तो पाडायला हवा. तारा बांधून उलट बाजूला ओढायचा.

डॉन एर्मेते : उलट बाजूला म्हणजे... चर्चवर?

फुल्विया : दुसरी जागाच नाही.

डॉन एर्मेते : टेकू लावा. लाकडं आणा. वेदीमागच्या भिंतीवरची ती मारिया बघितलीस ना? बाळाला पाजणारी? चितार्‍यानं या गावच्या बाईचा चेहरा दिलाय तिला. सगळं छप्पर तिच्यावर कोसळेल गं!

इल्दे : माझं लग्नही तिच्यासमोरच लागलं, फादर. ज्याच्याशी लागलं तो खाली गुदमरतोय.

डॉन एर्मेते : इल्दे, पोरी...

फुल्विया : ओढायलाही माझं मन धजत नाही. मनोरा चर्चच्या भिंतीत गुंतलेला असला तर पीळ बसेल आणि तो बेकरीवरच येईल.

इल्दे : म्हणजे काहीच करायचं नाही? नुसतं ऐकत बसू मी त्याचं?

(डॉन एर्मेते मनोर्‍याकडे वळून बघतात.)

डॉन एर्मेते : गुंतलेला नाही.

फुल्विया : काय?

डॉन एर्मेते : मनोरा आधीचा आहे. टेहळणीचा बुरूज होता तो. चर्च दोनशे वर्षांनी आलं, नुसतं टेकवून बांधलेलं. म्हणून तर मागच्या मोठ्या भूकंपात चर्च कोसळलं आणि मनोर्‍याचा दगडही हलला नाही. बाप्तिस्म्याच्या कुंडामागे सांधा आहे, माझा हात आत जातो. दगडात दगड अडकवलेला नाही कुठंच.

फुल्विया : नक्की? डॉन एर्मेते, नक्की ना?

डॉन एर्मेते : चाळीस वर्षं त्या फटीतून वारा खाल्लाय मी. ओढ. सुटा येईल.

फुल्विया : चर्च उरणार नाही.

डॉन एर्मेते : कळतंय मला. ओढ म्हणतोय ना! माझा धीर सुटायच्या आत ओढ.

(मोठा गडगडाट. चौकभर धूळ.)

इल्दे : नात्सारेनो! ए नात्सारेनो! अरे, ओ दे की रे!

फुल्विया : सगळे गप्प! एक शब्द नको.

डॉन एर्मेते : देवा, आता तरी...

इल्दे : बोलला! फादर, बोलला तो! विचारतोय, एवढा कसला आवाज झाला म्हणून. काय सांगू?

डॉन एर्मेते : काही नाही म्हणावं. येतोच आहोत आम्ही.